मागच्या सीटवरची कुजबुज

मोठ्या मावशीच्या घशावर उपचार झाले आणि तिचा आवाज कुजबुजीएवढा उरला. आईच्या कानाला त्याआधीच यंत्र लागलं होतं. दोघी सख्ख्या बहिणी. एकीला मोठ्यानं बोलता येईना, दुसरीला हळू बोललेलं ऐकू येईना. मावशी शाळेत गेलेली नाही, तेव्हा लिहून दाखवणं हाही मार्ग नव्हता. बंद खोलीत आईनं यंत्राचा कान मावशीच्या ओठांशी नेला तर जमायचं; पण वडश्याजवळच्या गावात मावशीच्या घरी बंद खोली नावाची गोष्ट नाही. सुना, नातवंडं, धान भरडायला निघालेले, भरडून आलेले, कुणी ना कुणी उंबऱ्यात असतंच. रुग्णालयात रांग असते.

दोघींना निवांत मिळणारी जागा एकच होती, माझ्या गाडीची मागची सीट. आम्ही ब्रह्मपुरीला राहतो. दर महिन्याला आई आणि मी वैनगंगेचा पूल ओलांडून मावशीला घ्यायला जायचो आणि तिघं नागभीड, सिंदेवाही, मूल करत चंद्रपूरच्या रुग्णालयात पोचायचो. मी पुढे, त्या दोघी मागे.

मावशीच्या बाबतीत गाडीचं महत्त्व आणखी एका कारणानं होतं. लहानपणी दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, दोघी बैलबंडीत मागे पाय सोडून बसायच्या, असं आई सांगते. घरात बोलायची सोय नसलेल्या गोष्टी त्या बंडीत बोलल्या जायच्या. चाकं इतकी करकरायची की पुढे बसलेल्या वडिलांना काही ऐकू जात नसे. ती सवय मावशीला आयुष्यभर राहिली. घरात काही विचारलं तर ती ‘काई नाई’ म्हणते. वाहन हललं की तोंड उघडते. आवाज थांबावा म्हणून गाडी रस्त्याच्या कडेला उभी करून पाहिली. मावशीनं लगेच खूण केली, चल, डॉक्टरची वेळ जाईल.

माझी गाडी लहान आणि जुनी आहे. माझ्या कामासाठी तिच्यात बसून घेतलेल्या लोकांच्या मुलाखती नंतर रेकॉर्डरवर ऐकताना माणसाच्या बोलण्यामागे कायम एक गुरगुर असायची. ती रस्त्याची गुरगुर होती. धडधाकट कान ती मागे टाकून बोलणं पुढे घेतो. कानाच्या यंत्राला एवढी निवड जमत नाही. ते जे येईल ते मोठं करतं. डांबरी रस्त्यावर आई कशीबशी सहन करायची. सिमेंटचा रस्ता लागला, टायरांचा सूर चढला आणि त्यात कोळशाचा एखादा ट्रक बाजूनं गेला की ती यंत्र काढून रुमालात गुंडाळायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची. मावशी तिच्या गुडघ्यावर हात ठेवून काही सांगू लागे. ओठ हलताना मला आरशात दिसायचे. आई अंदाजानं मान हलवायची. मावशीला तो अंदाज आहे हे कळायचं, आणि ओठ थांबायचे.

उन्हाळ्याच्या तोंडावर डॉक्टरांनी सांगितलं की घशातली गाठ पुन्हा दिसते आहे. काही महिने औषधावर बघू. नाही तर स्वरयंत्र काढावं लागेल. मग कुजबुजही राहणार नाही. मावशीनं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, जेवता येईल का. येईल म्हटल्यावर तिनं पदर सावरला आणि उठली.

त्या दिवशी परतताना मूल सोडल्यापासून तिचा हात आईच्या गुडघ्यावर होता. ती काही तरी सांगत होती, थांबत होती, पुन्हा सुरुवात करत होती. आईनं यंत्र लावलं, तोंड वेडंवाकडं करून काढलं, परत लावलं. सिंदेवाहीच्या पुढे मावशीनं हवेत हात उडवला. राहू दे, असा.

तिला घरी सोडून आम्ही पुलावर आलो तेव्हा आई म्हणाली, “बाईले काई सांगाचं आहे. मले ऐकूच नाई आलं. आवाज गेला तं कोन सांगन मंग?”

आई मोठ्या बहिणीला बाई म्हणते. हे बोलताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. यंत्र अजून रुमालात होतं.

मावशीचा मुलगा, माझा मावसभाऊ, चंद्रपूरजवळच्या कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये फिटर आहे. गाडीतला आवाज कमी करायचाय म्हटल्यावर त्यानं क्षणाचाही विचार केला नाही. खाणपट्ट्यातल्या माणसाचं कुठल्याही अडचणीवर एक उत्तर ठरलेलं असतं: पट्टा. कोळसा वाहून नेणारा रबरी पट्टा झिजला की भंगारात जातो आणि तिथून घरोघरी. दाराशी पायपुसणं पट्ट्याचं, ट्रकचे चिखलरोधक पट्ट्याचे, गळक्या छपरावर दगडाखाली दाबलेला तुकडा पट्ट्याचा. मी फोम वगैरे काही बोलू लागलो तर मावसभाऊ म्हणाला, “भाऊ, अख्खी खान या रबरावरून जाते, तरी त्याले काई होत नाई. तुझी डबी काय चीज आहे?”

भंगारवाल्याकडून आणलेले जाड तुकडे आम्ही गाडीच्या तळाच्या मापानं कापले आणि पायाखाली, सीटखाली, डिकीत अंथरले. गाडी खाली बसल्यासारखी झाली. गुरगुर जराशी जाड झाली, कमी मात्र झाली नाही. पत्र्याची थरथर होती तशीच होती. मग मे महिना आला. चंद्रपूरच्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीत त्या रबरातून जुन्या कोळशाचा आणि तेलाचा असा वास सुटला की मावशीला ठसका आवरेना. चारही काचा खाली करून, गरम वारा अंगावर घेत आम्ही घर गाठलं. आवाज कमी करण्यासाठी निघालेल्या माणसांनी एवढ्या आवाजात प्रवास त्याआधी कधी केला नव्हता. मावशीनं उतरल्यावर गोठ्याकडे बोट दाखवलं. तुकडे तिथं गेले. म्हशी आजही त्यावर उभ्या असतात, आणि त्यांची काही तक्रार नाही, असं मावसभाऊ स्वतःच सांगतो.

दुसऱ्या प्रयत्नाला आम्ही गाडी उघडली. मावसभावाच्या क्वार्टरमागे कडुनिंबाखाली सीटा काढल्या, तळाचं कार्पेट काढलं, दारांच्या आतली प्लास्टिकची आवरणं उतरवली. इतकी वर्षं चालवलेली गाडी मी पहिल्यांदा पाहत होतो. तळाचा पत्रा ताटाच्या पत्र्याहून फार जाड नव्हता. चाकांवरच्या कमानी तर एकेरीच होत्या. पलीकडे टायर, खडी, पाणी, अलीकडे माणसं. एवढ्याशा पातळ पत्र्यात बसून आपण वाघाच्या जंगलातून जातो, ट्रकांच्या मधून जातो, मुलंबाळं झोपवून नेतो.

मावसभावानं दाराच्या पत्र्यावर बोटानं टिचकी मारली. धान्याच्या रिकाम्या कोठीसारखा आवाज आला आणि रेंगाळला. मग त्यानं दुसरा हात पसरून पत्र्यावर टेकवला आणि पुन्हा टिचकी मारली. ठप. आवाज तिथंच संपला.

आमचं कुठं चुकलं ते त्या तळहातानं दाखवलं. रस्ता टायर हलवतो, टायर पत्रा हलवतो आणि हलणारा पत्रा ढोलाच्या कातड्यासारखा आत वाजतो. पट्टा पत्र्यावर नुसता ठेवलेला होता. त्याखाली पत्रा खुशाल वाजत होता. पत्र्याला हात लावून धरणारं काही तरी हवं होतं, कायमचं.

ते शहरातल्या गाड्यांच्या सामानाच्या दुकानात मिळालं: काळ्या चिकट रबराच्या शीट, एका बाजूला ॲल्युमिनियमची चमकती पातळ चादर. दुकानदार म्हणाला, स्पीकर बसवणारी पोरं हे नेतात, गाणी दणक्यात वाजावीत म्हणून. तुमचे स्पीकर कोणते? मावसभावानं सांगितलं, स्पीकर माझी माय आहे. दुकानदाराला पहिल्यांदा ती थट्टा वाटली. कळल्यावर त्यानं शीट स्वतः निवडून दिल्या आणि बजावलं की आख्खा पत्रा झाकायची गरज नाही, मधला भाग धरला तरी पत्रा गप बसतो. खरं काम चिकटवण्याआधी पुसण्याचं असतं.

त्या पुसण्यात आमचा बहुतेक दिवस गेला. दारांच्या पोटात बारीक काळी भुकटी बसली होती. चंद्रपूरच्या रस्त्यांवरचा कोळसा. ट्रकांच्या मागे चालून चालून गाडीनं तो श्वासासारखा आत घेतला होता. फडकी काळी होत गेली, पत्रा उजळत गेला. मग शीट कापायची, मागचा कागद सोलायचा, बसवायची आणि लाकडी मुठीच्या रोलरनं रगडायची, खाली हवेचा फुगा राहू न देता. दाराच्या तळाशी पावसाचं पाणी निथळायला भोकं असतात. मावसभाऊ कामाच्या भरात त्यावरही शीट चिकटवत होता. मी हात धरला. नाही तर आषाढात दारात पाणी डुचमळलं असतं आणि आवाज नवा मिळाला असता. तळावर शीटनंतर फोम, फोमवर जड चादर. चाकांच्या कमानींना दुहेरी थर. दारांच्या चौकटीला जास्तीचं रबर.

माझ्याबरोबर क्वार्टरवर आलेली आई चहा घेऊन आली. तिनं कप खाली ठेवले, दाराला यंत्राचा कान लावला आणि बोटानं वाजवून पाहिलं. एकदा झालेल्या दाराला, एकदा न झालेल्या.

आई आरोग्य खात्यात परिचारिका होती. नोकरी गडचिरोलीच्या आतल्या गावांत गेली. त्या काळी गरोदर बाईच्या पोटाला नळी लावून बाळाचे ठोके ऐकायचे, एवढंच साधन. झोपडीत शिरल्यावर ती आधी सगळ्यांना बाहेर काढायची. कोंबड्या हाकलायची, चुलीवरचं आधण उतरवायला लावायची, मुसळ थांबवायची. हे मी लहानपणी तिच्याबरोबर गेलो तेव्हा पाहिलेलं आहे. सगळी वस्ती अंगणात श्वास धरून उभी असायची आणि आत आई वाकलेली.

दारापासून कान काढत ती म्हणाली, “ठोके मोठे नव्हते करता येत. घरच गप करा लागे.” मग मावसभावाला म्हणाली, “चहा पी. थंडा होऊन राह्यला.”

गाडी जोडून आम्ही मूलच्या रस्त्याला नेली. मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप होतं. त्यातला आकडा थोडाच उतरला, आणि मावसभाऊ खट्टू झाला. पण कानाला जे कळत होतं ते आकड्यात नव्हतं. गुरगुर गेली नव्हती. ती दूर गेली होती, शेजारच्या दुसऱ्या कुठल्या रस्त्यावर चालल्यासारखी. तिनं रिकाम्या केलेल्या जागेत बारीक बारीक आवाज वर येत होते. इंडिकेटरची टिकटिक. बाटलीतलं पाणी. मावसभावाच्या मनगटावरच्या घड्याळाची साखळी. हे सगळं गाडीत पहिल्यापासून होतं. चिचपल्लीच्या पुढे, दोन्ही बाजूंनी बांबू असलेल्या पट्ट्यात मी वेग कमी केला, तेव्हा मागच्या सीटवर मावसभाऊ नाकानं श्वास घेत असल्याचं मला ऐकू आलं. दोघंही हळू बोलू लागलो. कुणी सांगितलं नव्हतं. देवळात शिरल्यावर बोलणं आपोआप उतरतं तसं ते झालं.

खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. मावशी गाडीत बसली, मी दार लावलं. पूर्वी ते डब्यासारखं वाजायचं. आता नुसतं बसलं. मावशीनं दाराकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. नागभीडनंतरचा सिमेंटचा रस्ता लागला. मी आरशात बघत होतो. आईचा हात कानाकडे गेला नाही. मावशीनं सवयीनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, मान पुढे काढली आणि उरलासुरला सगळा जोर लावून काही विचारलं.

आई म्हणाली, “ओरडू नको वं बाई. ऐकू येऊन राह्यलं मले.”

कित्येक महिन्यांत मावशीला कुणी ओरडू नको म्हटलं नव्हतं. ती हसू लागली. आवाज न होता हसली, खांदे हलेपर्यंत, ठसका लागेपर्यंत. आई तिची पाठ चोळत होती आणि स्वतः हसत होती.

पुढचे काही महिने त्या दोघी त्या सीटवर बोलत राहिल्या. कुठली सून भाजीत तेल किती घालते. धानाच्या रोवणीला बायका कुठून आणल्या. वडील बंडीत गाणं म्हणायचे ते नेमकं कोणतं. त्यावर एकमत झालं नाही. मी पुढे बसून सगळं ऐकत होतो. टायर आणि मावशीची कुजबुज यांच्यात आता कुजबुज जवळची होती, आणि या गोष्टीची मला सवय होत नव्हती. आमच्या घरातल्या सर्वात नाजूक आवाजाला जागा करून द्यायला रस्ता मागे सरला होता. कारण काय, तर पत्र्याला कुणी तरी हात लावून धरला होता.

पण महत्त्वाचं ते अजून आलं नव्हतं. औषधाचा उपयोग झाला नाही. धान कापून झालं, वडश्याच्या चौकात हिवाळी हंगामातल्या नाटकांचे फलक लागले, आणि डॉक्टरांनी दाखल व्हायला सांगितलं. शेवटच्या फेरीला निघालो तेव्हा मावशीच्या मांडीवर कपड्यांची पिशवी होती. नागभीड गेलं, सिंदेवाही गेलं. ती एक-दोनदा सुरुवात करून थांबली. मग हनुवटीनं पुढे, माझ्याकडे खूण करून तिनं आईला काही सांगितलं. तेही मला ऐकू आलं.

“ऐकते ना थो.” तो म्हणजे मी.

आईनं माझ्या खांद्यावर बोट वाजवलं. तिच्या हातात कापूस होता. तिच्या पिशवीत कापूस नेहमीच असतो.

“कानात घाल,” ती म्हणाली.

“गाडी चालवून राह्यलो मी.”

“डोळ्यांनी चालवतोस का कानांनी? घाल. आमच्या बापाच्या कानाले बंडीची चाकं होती. तुझी गाडी लय गप झाली.”

मी गाडी बाजूला घेऊन कापूस घातला. महिनोन् महिने खपून आम्ही त्या गाडीतला आवाज हाकलला होता, आणि आता चालकाला बहिरं करायची वेळ आली होती. मावशीच्या चेहऱ्यावर हसू होतं. मूलच्या बाहेर पडल्यावर मी आरसा थोडा वर केला. त्यात मागची काच आणि तिच्यातून सरकणारा रस्ता एवढंच दिसत राहिलं.

मूलपासून चंद्रपूरपर्यंत मोठं जंगल आहे. साग, बांबू, मध्येच कोरडा नाला, वाघापासून सावध राहण्याच्या पाट्या. ते सगळं मी त्या दिवशी कापसातून पाहिलं. मागे काय चाललं आहे ते कळत नव्हतं. फक्त ते चाललं आहे, थांबलेलं नाही, एवढं कळत होतं. कसं ते सांगता येत नाही. लोहाऱ्याच्या जवळ एक ट्रक समोरून गेला. त्याचाही धक्काच तेवढा जाणवला. शहर लागलं तेव्हा आईनं पुन्हा खांद्यावर बोट वाजवलं आणि तळहात पुढे केला. मी कापूस काढून दिला. दोघींचे डोळे कोरडे होते. मावशी पदराला पिन लावत होती.

त्या रस्त्यावर काय सांगितलं गेलं ते आईनं मला सांगितलेलं नाही. मी विचारलेलंही नाही.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. मावशीला घरी सोडायला निघालो तेव्हा थंडी पडली होती. तिच्या गळ्यावर श्वासासाठी छिद्र होतं आणि त्यावर धुळीपासून जपायला ओलसर पातळ फडकं. आता ती तिथूनच श्वास घेणार होती. ती आईच्या खांद्याला टेकून बसली. बोलणं नव्हतंच. मला वाटलं, आज आई यंत्र काढून ठेवेल. सिमेंटचा रस्ता आला, गेला. यंत्र कानातच होतं.

नागभीड सोडल्यावर, हवा कोंडली असेल म्हणून मी माझ्या बाजूची काच थोडी खाली केली. वारा आणि टायर एकदम आत आले.

“काच लाव,” आई म्हणाली.

मी लावली. गाडी गप झाली. काही वेळानं ती खिडकीबाहेरच बघत म्हणाली, “श्वास ऐकू येऊन राह्यला तिचा.”

मी कान दिला. मलाही आला. फडक्यातून जाणारा, येणारा, बारीक, सारखा. आईचं एक बोट मावशीच्या मनगटावर होतं आणि प्रत्येक श्वासाला ते किंचित उठत होतं, टेकत होतं, झोपडीत वाकून ठोके ऐकताना उठायचं तसं.